‘ते माझं सोडा’ म्हणालीस, पण नाही सोडणार

पत्र थोडक्यात सांगते. ३६ वर्षांची बाई, सांगली जिल्ह्यातली. ११ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी शाळेत फिट आली, मग दोन दिवस उलट्या, डोकेदुखी, एका बाजूचं दिसेना, एमआरआयमध्ये स्ट्रोकसारखं काहीतरी आणि शेवटी जेनेटिक रिपोर्टमध्ये ‘मेलास’, म्हणजे पेशींना ऊर्जा कमी पडण्याचा एक जनुकीय आजार. तेव्हापासून सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हे तिच्या माहेरचं आहे. नवरा गप्प. ती मुलासाठी कडक सोमवार करते, आणि विचारतेय, ताई, सासूबाईंचं तोंड कसं बंद करू? खाली घाईघाईत एक ओळ, “मला हल्ली ऐकू कमी येतं, दोन वर्षांपूर्वी शुगरपण निघाली, पण ते माझं सोडा.”

अगं बाई, तीन पानांत स्वतःबद्दल एवढी एकच ओळ लिहिलीस आणि मी तीच चार वेळा वाचली. बारीक अंगाच्या बाईला चौतिशीत शुगर निघते, कान जातात, मुलाला मेलास असतो, आणि या तीन गोष्टी तू वेगवेगळ्या धरून बसलीयेस!

रिपोर्ट काढ, त्यात ३२४३ हा आकडा आहे का बघ, मेलासच्या बहुतेक पेशंटमध्ये तोच असतो. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, खाल्लेल्या अन्नातून पेशीला लागणारी ऊर्जा तेच बनवतात, आणि त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, फक्त ३७ जीन्सचा, जो आईकडूनच मुलांत येतो. त्यात ३२४३ या जागी एक अक्षर बदललं की ऊर्जा कमी पडायला लागते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा तो २० टक्के खातो आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही, म्हणून पहिला फटका त्याला. तुझ्या लेकाची नस कुठे गुठळीने बंद झाली असं नाही, तिथल्या पेशींचीच ताकद संपली. आणि हाच बदल कमी मायटोकॉन्ड्रियांत असला तर माणूस वरून धडधाकट दिसतो, फक्त कान जातात आणि शुगर येते, कारण कानाच्या आतल्या आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपण अशाच भुकेल्या. ही जोडी डॉक्टरांना १९९२ पासून माहिती आहे.

तर हो, ते तुझ्याकडूनच आलं असणार. सासूबाईंशी त्यावर वाद घालत बसू नकोस, डोळ्यांचा रंग यावा तसं ते आलं, त्यात तुझा काडीचा दोष नाही, पण ‘माझ्याकडून नाही’ हे सिद्ध करण्यात तू वर्ष घालवलंस आणि स्वतःला एकदाही तपासलं नाहीस, याचा मात्र मला राग येतोय, खरंच येतोय. त्या पोराला फिट आली तर त्याला उचलून गाडीत कोण घालणार आहे?

मुलाच्या जेनेटिक्सवाल्या डॉक्टरांकडेच जा आणि माझी टेस्ट करा म्हण. लघवीचा नमुना घ्याल का ते विचार, कारण वय वाढतं तसं रक्तातलं या बदलाचं प्रमाण कमी होत जातं आणि रक्ताची टेस्ट फसवू शकते. कानाची ऑडिओमेट्री, हृदयाचा ईसीजी आणि इको त्याच फेरीत. शुगरची कुठली गोळी चालू आहे ते दाखव. मेटफॉर्मिन असेल तर आवर्जून सांग, या आजारात ती शक्यतो टाळतात, लॅक्टिक ॲसिड वाढायची भीती असते. पण मनाने बंद करू नकोस हं. मुलाच्या फिटच्या औषधांतपण व्हॅल्प्रोएट आहे का विचारून घे, तेही यात सहसा देत नाहीत.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय असं ओझरतं लिहिलंयस. तिला आज रात्रीच फोन कर, लग्नाआधी कळलेलं बरं, तुमची आई एकच आहे.

आणि ते सोमवार सोड. ज्या पेशींना आधीच ऊर्जा पुरत नाही त्यांना दिवसभर उपाशी ठेवून लेकाला काय मिळणार, मुलाला तर कधीच उपाशी ठेवू नकोस, ताप-उलटीत तर अजिबातच नाही. येत्या सोमवारी सकाळी नीट नाश्ता कर, फाइल घे, नवऱ्याला सोबत घे, डॉक्टर बोलतील तेव्हा तो खोलीत हवा. घरी येऊन आईला काय सांगायचं ते त्याचं तो सांगेल. टेस्टचा निकाल आला की मला लिही.