रिकॉल निघालेली गाडी विकताना

रिकॉल निघाला, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या, म्हणून घाबरून गाडी स्वस्तात देऊ नकोस. भाव पडतो तो काम करून न घेतल्यामुळे. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघ. काम बाकी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते फुकट होतं. झालेल्या कामाची नोंद असलेलं जॉबकार्ड जपून ठेव. दलाल रिकॉलचं नाव काढून भाव पाडायला लागला की तेच पुढे कर.

जुनी होंडा सिटी असेल, तर ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं आधी बघ. तिच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट हे रसायन वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत खराब होतं आणि एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे अंगावर येऊ शकतात. कोकण-गोव्यातल्या गाडीवाल्यांनी तर विशेष जपावं. इन्फ्लेटर बदलल्याशिवाय ती गाडी कुणाच्या गळ्यात मारू नकोस, कितीही पैसे मिळोत.