एक्स-रे वाचला, पुढे काय?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. क्षयरोगाचे एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर बनवायचं आणि तेही सरकारी दवाखान्यांसाठी, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा देशी उद्योग उभा राहायचा, तर तो अशाच दुखण्यावर उभा राहावा.

पण तुझ्या आराखड्यात एक पान कमी आहे. सॉफ्टवेअरने ‘संशयित’ म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षांवरच्या लोकांच्या चाळणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. मात्र सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला जे गुण देतं, ते कितीच्या वर गेले की संशयित धरायचं, हे जिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि मेख तिथेच आहे. हिशेब करून बघ. हजार माणसं तपासली, त्यांत दहा जणांना क्षय आहे असं धर. चाळणीच्या चाचणीने १०० रुग्णांपैकी किमान ९० पकडावेत आणि १०० निरोगी माणसांपैकी किमान ७० बरोबर सोडावीत, अशी अपेक्षा असते. एवढ्याने नऊ रुग्ण सापडतील आणि त्यांच्यासोबत २९७ निरोगी माणसंही अडकतील. म्हणजे ३०६ जणांचा बेडका तपासायचा! तेवढ्या चाचण्या आहेत का? नमुने तालुक्याला कोण नेणार? रोजंदारी बुडवून माणूस दुसऱ्यांदा येईल का? मर्यादा वर नेलीस तर चाचण्या वाचतील, पण एखादा रुग्ण तसाच खोकत घरी जाईल. त्यात बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रण आणि दगडखाणीत काम करणाऱ्यांचा सिलिकोसिस, म्हणजे दगडाची धूळ फुप्फुसात साचून होणारा आजार. या छाया सॉफ्टवेअरला सहज चकवतात. म्हणून ही मर्यादा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांसोबत बसून, तिथल्याच लोकांचे एक्स-रे आणि बेडक्याचे निकाल समोर ठेवून ठरव. दुसऱ्या राज्यातला आकडा उचलून आणू नकोस.

बेडका तपासणाऱ्या ट्रूनॅट यंत्राचा मुद्दाम अभ्यास कर. ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे. बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच्या वापराला मान्यता दिली. देशी उद्योग म्हणतात तो हा.

आता ग्रामीण रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत जाऊन बस, आणि एका दिवसात उठू नकोस. तिथला टेक्निशियन बायांना मंगळसूत्र काढायला सांगतो, कुणाच्या गळ्यात ताईत राहून जातो. म्हाताऱ्या माणसाला पूर्ण श्वास भरून रोखता येत नाही, मग फुप्फुसाचा खालचा भाग पांढरट येतो. काही ठिकाणी अजून फिल्म उजेडासमोर धरून मोबाइलवर फोटो काढतात आणि ट्यूबलाइटची चमक नेमकी बरगड्यांवर पडते. तुझ्या सॉफ्टवेअरला हेच वाचायचं आहे. थायलंडमध्ये गूगलच्या, डोळ्याचा पडदा तपासणाऱ्या यंत्रणेने दवाखान्यांत घेतलेले पाचव्या हिश्शाहून जास्त फोटो नीट नाहीत म्हणून नाकारले होते. प्रयोगशाळेत तीच यंत्रणा उत्तम ठरली होती. तेव्हा त्या टेक्निशियनला गुरू मान. मी हे अगदी गंभीरपणे लिहितो आहे.

परवान्याचं थोडक्यात: निदानासाठीचं सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं, त्याची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून ठेव. रुग्णांच्या माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. संमती रुग्णाला कळेल अशा मराठीत घे. नुसता अंगठा उठवून घेतला म्हणजे संमती झाली नाही.

पैशांचं मात्र आधीच विचार. फुकटात चालवून दाखवायला सगळे हो म्हणतात. पुढच्या वर्षी त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, ते अधिकाऱ्यांना पहिल्याच बैठकीत विचार. उत्तर मिळालं नाही तर दुसरा जिल्हा शोध.

नव्या आराखड्यात एक तक्ता घाल: संशयित किती, त्यांपैकी बेडका किती जणांनी दिला, निदान कितींचं झालं, औषध कितींचं सुरू झालं आणि कितींनी पूर्ण केलं. तो तयार झाला की पाठव, आपण ओळीने बघू.

तुझा,
काका