फेबल्स (परीकथांमधल्या पात्रांची कॉमिक्स सिरीज) परत वाचायला घेतोय, सगळे १५० अंक वाचू की मध्येच थांबलं तर चालेल?

७५व्या अंकाला थांबलात तरी चालेल, कारण ॲडव्हर्सरीबरोबरचं, म्हणजे या पात्रांना त्यांच्या देशांतून हाकलणाऱ्या शत्रूबरोबरचं, युद्ध तिथे संपतं आणि २००२ला सुरू झालेली मूळ गोष्ट तिथेच पुरी होते. मी सगळी सिरीज परत वाचलीय त्यावरून सांगतोय, दुसऱ्यांदा खरी मजा पहिल्या अर्ध्या भागातच येते. (ज्यांनी वाचलेलंच नाही त्यांनी पुढचं एक वाक्य सोडा!) ॲडव्हर्सरी म्हणजे पिनोकिओला घडवणारा जेपेट्टो हे आता माहीत असतं ना, त्यामुळे लाकडी सैनिकांच्या भागातला पिनोकिओ बघताना पोटात गोळाच येतो, आणि सुरुवातीला नुसती फरशी पुसत फिरणारा, सगळे ज्याला गृहीत धरतात तो फ्लायकॅचर पुढे साठाव्या अंकानंतर काय करतो हे डोक्यात असलं की त्याच्या प्रत्येक छोट्या सीनकडे लक्ष जातं.

फक्त एक, तुम्हाला युद्धापेक्षा स्नो व्हाईट आणि रोझ रेड या बहिणींचं भांडण आवडत असेल तर १५०पर्यंत जावंच लागेल, तो हिशोब शेवटीच मिटतो. मधे थोडं रेंगाळतं.

बाकी:
- ८३ ते ८५ हा क्रॉसओव्हर आहे, म्हणजे गोष्ट दुसऱ्या सिरीजमध्येही चालते, त्यामुळे जॅक या पात्राची वेगळी सिरीज (जॅक ऑफ फेबल्स) वाचली नसेल तर बिनधास्त सोडा
- २००६चं स्नोफॉलवालं पुस्तक (१००१ नाइट्स ऑफ स्नोफॉल) मात्र सोडू नका, त्यात अरबी कथांसारखी स्नो व्हाईट राजाला गोष्टी सांगते आणि बऱ्याच पात्रांचा आधीचा इतिहास कळतो
- २०२२ला परत सुरू झालेले १५१च्या पुढचे अंक नंतर कधीतरी, घाई नाही