आधी सीट, मग पॉइंट्स

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते. आम्ही दोघं तिच्याकडे जायचं म्हणतोय. गुडघ्यांमुळे बिझनेस क्लास हवा आहे. क्रेडिट कार्डावर दीड लाख पॉइंट्स साठलेत आणि बँकेच्या ॲपवर सिंगापूर एअरलाइन्सचं नाव दिसतं. लगेच ट्रान्सफर करून टाकू का? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : अजिबात नको. एकदा गेलेले पॉइंट्स बँक परत घेत नाही. ते सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या प्रवासी योजनेच्या खात्यात ‘माइल्स’ म्हणून जमा होतात, आणि या माइल्सना ३६ महिन्यांची मुदत असते. तेवढ्यात हवी ती सीट मिळाली नाही, तर वर्षानुवर्षांची जमापुंजी वाया जाते.

पहिल्यांदा बँकेच्या ॲपवर ट्रान्सफरचं प्रमाण बघा. एकास एक असेल तर तुमचे दीड लाख माइल्स होतील, दोनास एक असेल तर पाऊण लाखच. एकाच बँकेच्या दोन कार्डांचं प्रमाणही वेगळं असू शकतं, शिवाय किती पॉइंट्स वळवता येतात यावर काही कार्डांना मर्यादा असते.

मग सीट शोधा. बडोद्याहून परदेशी विमान नाही, पण अहमदाबादहून सिंगापूर एअरलाइन्सचं आहे. क्रिसफ्लायरचं खातं फुकट उघडता येतं. त्यात शिरून ‘माइल्स वापरून’ हा पर्याय निवडा आणि थेट ‘अहमदाबाद ते मेलबर्न’ असं शोधा. एकाच तिकिटावर सिंगापूरच्या चांगी विमानतळावर विमान बदलेल आणि बॅगा परस्पर मेलबर्नला उतरतील. जाण्याचा आणि येण्याचा शोध वेगवेगळा घ्या. प्रवासी दोन असंच भरा, कारण एकासाठी शोधलंत तर एकच सीट शिल्लक असलेला दिवसही मोकळा दिसतो.

पडद्यावर ‘सेव्हर’, ‘ॲडव्हांटेज’ असे वेगवेगळे दर येतात. सेव्हर स्वस्त, पण त्याच्या सीटा मोजक्या. तिथे ‘वेटलिस्ट’ लिहिलेलं असेल तर ती सीट तुमची नाही. तिच्या भरवशावर मुलीला रजा काढायला सांगू नका. सीटा साधारण ३५५ दिवस आधी खुल्या होतात, आणि उरलेल्यांपैकी काही शेवटच्या दोन आठवड्यांत सुटतात. डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याची सुटी असते, तेव्हा सेव्हर मिळणं कठीण. तारखा आठवडाभर पुढेमागे करायची तयारी असेल तर मार्च बघा. जून-जुलैत सीटा मिळतील, पण मेलबर्नची थंडी तुमच्या गुडघ्यांना मानवणार नाही.

सीट दिसली की तशाच आणखी दोन तारखा टिपून ठेवा आणि मगच लागतील तेवढे पॉइंट्स वळवा. काही बँकांचे पॉइंट्स मिनिटांत पोचतात, काहींना दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर सीट तुमच्यासाठी कुणी राखून ठेवत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. क्रिसफ्लायरमध्ये दोन खात्यांचे माइल्स एकत्र करता येत नाहीत, पण प्रत्येक खातेदार पाच माणसांना नॉमिनी करून त्यांची तिकिटं काढू शकतो. मुलीच्या खात्यात माइल्स असतील तर आईचं तिकीट तिच्या खात्यातून आणि वडिलांचं स्वतःच्या खात्यातून निघेल. नॉमिनींची नावं आधीच भरून ठेवा, ऐन वेळी नको. तरीही कमी पडलं तर रात्रीचा प्रवास ज्या बाजूला आहे तेवढीच बाजू बिझनेसने करा. एकेरी तिकिटाला निम्मेच माइल्स लागतात. व्हीलचेअर कुठल्याही क्लासला मिळते. तिकीट काढतानाच मागून ठेवा.

प्रश्न : माइल्सचं तिकीट म्हणे फुकट, मग लंडनच्या तिकिटावर हजारो रुपये कर कसा मागतात? (मांजलपूर)

उत्तर : त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. विमानतळाचे आणि सरकारचे कर कुणालाच चुकत नाहीत. दुसरा भाग इंधन अधिभाराचा, आणि तो कंपनीगणिक बदलतो. ब्रिटिश एअरवेजच्या विमानांवर तो चांगलाच जड असतो. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवर माइल्सच्या तिकिटाला तो लावत नाही. एअर कॅनडाची माइल्स योजना एअरोप्लॅन भागीदार कंपन्यांच्या तिकिटावरही लावत नाही, फक्त ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क घेते.

ब्रिटनचा प्रवासी कर मात्र तिथून निघणाऱ्यालाच पडतो, आणि बिझनेसला तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून जाताना लंडनला बिझनेसने उतरा आणि परतीचं तिकीट पॅरिसहून काढा. पॅरिसपर्यंत रेल्वेने गेलात तर हा कर लागत नाही.

तिकीट परवडतं का, हे असं काढा : रोख भाड्यातून कर वजा करा आणि माइल्सने भागा. समजा, बिझनेसचं भाडं १,६०,००० रुपये, कर २२,००० आणि माइल्स ९२,०००. म्हणजे एका माइलला दीड रुपया मिळाला. पण तुम्ही एरवी ५०,००० च्या इकॉनॉमीनेच गेला असता, तर त्या ५०,००० मधून कराचे २२,००० वजा जाऊन तुमची खरी बचत २८,००० च राहते. माइलला तीस पैसे. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि मग ठरवा.

प्रश्न : दिल्लीहून युरोपचं बिझनेस तिकीट माइल्सवर दिसतंय. बडोदा-दिल्ली वेगळं काढलं तर चालेल? (कारेलीबाग)

उत्तर : चालेल, पण धोका तुमचा. बडोद्याचं विमान रखडलं तर पुढची कंपनी तुम्हाला ‘आलाच नाहीत’ असं धरते आणि परतीचं तिकीटही रद्द होऊ शकतं. बॅगा दिल्लीत घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. बिझनेसला ३२ किलोच्या दोन बॅगा चालत असल्या तरी देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलोच. बडोद्याच्या काउंटरवर चकल्या-लाडवांची बॅग उघडून वजन कमी करायची वेळ येते. त्यापेक्षा आदल्या रात्रीच्या राजधानीने दिल्ली गाठा. विमानच हवं असेल तर एअर इंडियाचा बडोदा-दिल्ली टप्पा त्याच तिकिटात मिळतो का, ते आधी बघा.

आणि ‘बिझनेस’ या शब्दावर विसंबू नका. तिकिटाचा तपशील उघडून प्रत्येक टप्प्यासमोरचा क्लास वाचा. दिल्ली-फ्रँकफर्ट इकॉनॉमी आणि पुढचा तासाभराचा टप्पा बिझनेस, अशी तिकिटंही बिझनेसच्या रांगेत दिसतात. युरोपातल्या छोट्या टप्प्याचं बिझनेस म्हणजे तीच खुर्ची, फक्त मधली मोकळी. अशा तिकिटावर माइल्स उधळू नका.

प्रश्न : माइल्स विकत घ्यावेत का? आणि पासपोर्टवर माझ्या नावात वडिलांचंही नाव आहे, कार्डावर नाही. (रावपुरा)

उत्तर : सीट समोर दिसतेय आणि थोडेच माइल्स कमी पडताहेत, तेवढ्यापुरते घ्या. किंमत डॉलरमध्ये असते. बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के वर जातात. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर हा नाद सोडा. व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातं; कुठलेच पॉइंट्स ते भरून काढत नाहीत.

माइल्सचं खातं पासपोर्टप्रमाणेच उघडा. पहिल्या नावाच्या रकान्यात ‘स्वतःचं वडिलांचं’ असं दोन्ही. बोर्डिंग पासवर ती दोन नावं चिकटून छापली जातात, त्याने अडत नाही. बँकेत मात्र नाव जुळत नसल्याने ट्रान्सफर अडकू शकते. ती दुरुस्ती पॉइंट्स वळवायच्या आधी शाखेत जाऊन करून घ्या. केवायसीसाठी पासपोर्टची प्रत सोबत न्या.