परजीवी पेशीत शिरला, हे कसे ओळखतात?

प्रश्न: गायींमधील थायलेरिया हा एकपेशीय परजीवी रक्तातील पांढऱ्या पेशीला नुसता चिकटला आहे की आत शिरला आहे, हे प्रयोगशाळेत कसे कळते?

उत्तर: गिम्सा या पेशी रंगवण्याच्या नेहमीच्या रंगाने परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो खरा, पण तो पेशीवर आहे की आत, याची खात्री त्यातून होत नाही. म्हणून पेशीचे पटल अखंड असताना परजीवीला चिकटणारी एका रंगाची चमकणारी प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू) आधी लावतात; ती अखंड पटलातून आत जाऊ शकत नाहीत, आणि पटल सच्छिद्र केल्यावर दुसऱ्या रंगाची. दोन्ही रंग दिसले तर परजीवी बाहेर, केवळ दुसरा दिसला तर आत. मेख अशी की, शिरताना त्याच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने गळून पडतात, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यासाठी टिकून राहणारे प्रथिनच निवडावे लागते. शिरकाव काही मिनिटांतच उरकत असल्याने नमुने ठरावीक वेळी स्थिर करावे (रसायनाने आहे त्या अवस्थेत गोठवावे) लागतात. शंका उरल्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात.