ऑडिशनचा व्हिडिओ: शूटिंगवाला नको, खिडकी आणि भाऊ पुरे

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी झाली, नाटकाच्या डिग्रीसाठी दोन-दोन मिनिटांची दोन स्वगतं रेकॉर्ड करून पाठवायचीयेत, भाचा म्हणतो लग्नाचं शूटिंग करणारा ओळखीचा आहे, मागे म्युझिक टाकून मस्त करून देईल, आणि मावशी म्हणते हिचं मराठी बडोद्याचं वाटतं, पुण्याचे लोक हसतील.

शूटिंगवाला अजिबात नको. निवडणाऱ्यांना मुलगी बघायचीये, एडिटिंग नाही. कट मारले, म्युझिक टाकलं की त्यांना वाटतं काहीतरी झाकलंय. एका टेकमध्ये, सलग, साधं.

मोबाइल आडवा, स्टँडवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, कंबरेपासून वर दिसेल इतक्या अंतरावर. उजेड समोरून, म्हणजे खिडकीकडे तिचं तोंड, पाठ नाही. मागे साधी भिंत, अंगात एका रंगाचा कुर्ता, बारीक रेघांचा कपडा नको, स्क्रीनवर लहरी उठतात. आणि पंखा बंद! मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, म्हणून पहाटेच उरका, दांडिया बाजारातल्या स्कूटरी सुरू व्हायच्या आत, आवाज पण स्वच्छ येईल.

आता खरी गोष्ट. मुलं स्वगत पाठ करतात आणि लेन्सकडे बघून म्हणून टाकतात, समोर कुणी नसतंच. तिच्या भावाला मोबाइलच्या अगदी शेजारी खुर्चीवर बसवा, तिनं त्याच्याशी बोलायचं, नजर लेन्सच्या जरा बाजूला. पहिलं वाक्य बोलायच्या आधी तिला कळायला हवं की समोरचा आत्ता काय बोलला, कशामुळे हिला तोंड उघडावं लागलं. मधे जिथे थांबते तिथे तो काय उत्तर देतो हे तिला मनातल्या मनात ऐकू यायला हवं, मग तो पॉज आपोआप भरतो, डोळे बदलतात, आणि ते कॅमेऱ्यात लगेच दिसतं. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असेल तर इथे जरा आवरायला सांगा, पण मरगळलेलं नको. आणि पूर्ण नाटक वाचल्याशिवाय त्यातलं स्वगत घेऊ नका, नुसता उतारा पाठ केलेला लगेच कळतो.

बडोद्याच्या मराठीचं टेन्शन घेऊ नका. उच्चार स्पष्ट हवेत, बास. उलट नियमात बसत असेल तर एक स्वगत गुजरातीत करू दे, ती रोज बोलते ती भाषा आहे, दोन तुकड्यांत फरक दिसेल. फक्त दोन्ही रडारडीचे नकोत.

पुण्याला फॉर्म भराच, पण आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीतही परफॉर्मिंग आर्ट्समध्ये नाट्यविभाग आहे, १८८६ च्या संगीतशाळेपासूनची परंपरा, तिथल्या मुलांचे प्रयोग तिला आधी दाखवून आणा, मग ठरवा. वडिलांना सांगा ही पण रीतसर पदवी आहे, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या कोर्सला पदवी लागतेच.

सुरुवातीला नाव, नाटकाचं नाव वगैरे कॉलेजच्या सूचनेत असेल तेवढंच बोलायचं. लिंक पाठवायची असेल तर आधी दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा, परवानगी बंद राहिलेली लिंक उघडतच नाही. आणि शेवटच्या रात्री अपलोड करू नका, साइट अडकते.