बोअर करून आणला, तरी गाडी वाजते

प्रश्न : वर्षभर उभी असलेली यामाहा आरएक्स १०० पुन्हा रस्त्यावर आणतोय. उद्यमनगरात बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) करून घेतला. पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप असं सगळं किट नवीन आहे. पहिल्या किकला सुरू होते, पण वरच्या बाजूला टकटक येते. एक मिस्त्री म्हणतो टॅपेट सैल आहेत, दुसरा म्हणतो क्रँक गेला. पुन्हा खोलावं का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : आधी टॅपेटचा विषय मिटवू. हे टू-स्ट्रोक इंजिन, त्याला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) नसतातच. इनटेकला रीड व्हॉल्व्ह असतो, पण ती नुसती लवचिक पाती. तिला ॲडजस्ट करायचं काही नसतं. टॅपेट म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी पुन्हा न नेलेली बरी.

लगेच खोलू नका. आवाज कधी येतो आणि कधी जातो, ते आधी वहीत लिहा. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. बोथट टकटक दोन-तीन मिनिटांत विरली, तर पिस्टन बोअरच्या भिंतीवर आपटतोय. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या स्लीव्हपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून गरम झाल्यावर फट भरून निघते. एवढा आवाज चालतो. गरम झाल्यावरही तसाच राहिला, तर बोअर मोठा झालाय.

न्यूट्रलमध्ये क्लच दाबून पाहा. आवाज बदलला किंवा गेला, तर तो क्लच बास्केटचा आहे. सिलिंडरला हात लावायचं कारण नाही. मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक आळीपाळीने हेड, सिलिंडर, क्रँककेस आणि क्लच कव्हरवर टेकवा. गियर टाकून चालवताना थ्रॉटल हलकेच सोडल्यावर बारीक, कडक, दुहेरी टिकटिक आली, तर वरच्या पिनची नीडल बेअरिंग पाहा. जोर लावताना खालून जड ठोका आला, तर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बेअरिंग. फूटरेस्टला जाणवणारी, वेगाबरोबर वाढणारी घरघर क्रँकच्या बेअरिंगची असते. जुन्या क्रँकवर नवं किट बसवलं की हे आवाज वाढतात, कारण कॉम्प्रेशन परत आल्यामुळे झिजलेल्या बेअरिंगवर पूर्वीपेक्षा जास्त जोर येतो.

आता खोलायची वेळ आलीच, तर मोजल्याशिवाय काही बदलू नका. मूळ बोअर ५० मिमी, म्हणजे तुमचा ५०.५० च्या आसपास हवा. पण खरा आकडा पिस्टन ठरवतो. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनला काटकोनात मायक्रोमीटर लावा. त्यात ०.०४ ते ०.०५ मिमी मिळवा. तो तुमचा बोअर. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी, पोर्ट (भिंतीतल्या खिडक्या) टाळून मोजायचा. फट ०.१० च्या पुढे गेली असेल, तर पुढची ओव्हरसाइज घेण्यावाचून इलाज नाही. म्हणूनच टर्नरच्या हातात सिलिंडरबरोबर पिस्टनही द्यायचा असतो. ‘पन्नास पॉइंट पन्नास करून द्या’ एवढं सांगून सिलिंडर ठेवून येणं, इथेच निम्म्या गाड्या बिघडतात.

दुसरी जागा पोर्टच्या कडा. बोरिंगनंतर एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्टची कड ब्लेडसारखी धारदार होते. प्रत्येक फेऱ्याला रिंग त्या खिडकीत किंचित बाहेर फुगते आणि कडेवर आपटते. तीच तुमची बारीक टिकटिक असू शकते. पुढे रिंग तुटते आणि बोअरला चर पाडते. कडा बारीक दगडाने सुमारे अर्धा मिलिमीटर मोडून घ्या. काम संपल्यावर सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवा. नुसत्या पेट्रोलने होनिंगची (बोअर दगडाने घासल्याची) पूड निघत नाही. तेलात भिजवलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून ते पांढरंच बाहेर आलं, म्हणजे झालं.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे आहे ना, तेही पाहा. उलटा बसला तर रिंगांची तोंडं पोर्टसमोर येतात आणि अडकतात. रिंग एकटी बोअरमध्ये ढकलून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने पाहा, ०.१५ ते ०.३५ मिमी ठीक. सर्क्लिप नेहमी नवीन, आणि तिचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर नको. कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक बाजूला हलवून पाहा. साधारण १ मिमी हललं तर चालेल, २ च्या पुढे क्रँक बाहेर काढायचा. रॉड सरळ वर-खाली ओढल्यावर मात्र काहीच जाणवता कामा नये.

एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. बोअर वाढला, पण हेड गॅस्केटचं भोक लहान राहिलं, तर पिस्टनची कड गॅस्केटवर आपटते. जुळवताना गॅस्केट बोअरवर ठेवून बोट फिरवा. कड आत येत असेल तर दुसरं घ्या. फिनांमधले रबराचे तुकडे टर्नरकडेच राहिले असतील, तर ते मागून आणा. ते नसले की फिना घंटेसारख्या वाजतात आणि माणूस उगाच क्रँक उघडतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेल दिसत असेल, तर तिथली गॅस्केट बदला. तिथून फुटणारा वायू हुबेहूब ठोक्यासारखा वाजतो. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, म्हणून खरं तर सगळ्यात आधी हेच तपासायचं.

प्रश्न : हेड घासून घेतल्यापासून वैभववाडीहून करूळ घाट चढताना तिसऱ्या गियरला खणखण वाजते, सपाटीला नाही.
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : हे नॉकिंग आहे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण एकदम भडकतंय, आणि ते धोक्याचं आहे. तसंच रेटलं, तर पिस्टनला भोक पडतं. हेड किती घासलं, ते टर्नरला विचारा. प्लगच्या भोकातून २ मिमीची सोल्डरची तार पिनच्या रेषेत भिंतीपर्यंत सरकवा, क्रँक हाताने टीडीसीवरून (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेवरून) फिरवा, चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. ०.८ मिमीपेक्षा कमी असेल, तर बेस गॅस्केट जाड घाला किंवा हेड बदला.

ठिणगीचं टायमिंग पुढे सरकलेलं नाही ना, याची खात्री करा. बेस गॅस्केट, कार्ब्युरेटरचं रबर आणि क्रँकचे सील यांपैकी कुठून हवा शिरत असेल, तर मिश्रण पातळ होतं आणि आयडल खाली येईनासा होतो. चालू इंजिनवर जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. आयडल बदलला, तिथे गळती. ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने मिश्रण आणखी पातळ पडतं, तेव्हा मेन जेट एक नंबर मोठी लावून प्लगचा रंग पाहा. चॉकलेटी हवा, पांढरा नको.

हेडचे नट आडवे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ८ मिमीच्या नटांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर.

प्रश्न : ऑइल पंप काढून टाकलाय. नव्या बोअरला पेट्रोलमध्ये किती टू-टी (टू-स्ट्रोक ऑइल) घालू?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : साधं मिनरल ऑइल असेल तर पहिल्या ५०० किलोमीटरला लिटरमागे ४० मिली, नंतर ३० मिली. तेवढे दिवस एकाच वेगावर तासभर पळवू नका, आणि पहिल्याच रविवारी दोघांना घेऊन जोतिबाचा डोंगरही नको. पंप काढल्यावर तेलाची नळी जिथे इनटेकला लागत होती, ते भोक बंद केलंय का? उघडं असेल तर तिथूनच हवा ओढली जाते आणि तेल कितीही घातलं तरी पिस्टन जाम होतो.